दादाचा अडकलेला डाव

नाही, मला आधी एवढंच सांगा, बंद करून चालू करणं ह्याला दुरुस्ती म्हणायचं, हे ठरवलं कोणी? कुठे भरली होती ती सभा? मला का नाही बोलावलं? तुम्हाला सांगतो, मंगळवार होता, साधा मंगळवार, म्हणजे ज्यातलं बुधवारी काही आठवू नये असा, आणि आमच्या ऑफिसातला प्रिंटर सकाळपासून फुगून बसलेला. कागद आत ओढायचा, गुरगुरायचा आणि बाहेर टाकायचा... कोरा! बरं, पूर्ण कोरा असता तर एक वेळ समजलं असतं, पण खाली कोपऱ्यात साहेबांच्या सहीची रेघ तेवढी छापलेली. म्हणजे मजकूर नाही, सही करा! मला तिथेच संशयाचा वास आला. खिडकीबाहेर दाखल्यांसाठी माणसं उभी, त्यातले एक आजोबा दर दोन मिनिटांनी काचेवर टकटक करून "झालं का हो?" आणि मी बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय, शेवटी रागाच्या भरात अकरा वेळा दाबलं, मोजून अकरा, आणि लावला फोन वरच्या मजल्यावर, संगणक विभागातल्या बाईंना. ह्या बाई खाली कधी येत नाहीत. सहा वर्षांत मी त्यांना पाहिलेलं नाही. नुसता आवाज आहे.

"बोला सर."

"अहो, तो प्रिंटर कोरे कागद—"

"बंद करून चालू केलात का?"

वाक्य पुरं करू दिलं नाही हो! डॉक्टर निदान जीभ तरी बघतो!

"बंद करा सर, दहापर्यंत मोजा, चालू करा."

"दहाच का?"

"सर?"

"म्हणजे आठ का नाही? आणि मधल्या त्या दहा सेकंदांत होतं काय?"

"काही होत नाही सर."

"काही होत नाही, तर मग दुरुस्त कसा होतो?"

त्यांनी फोन ठेवला. ज्याला उत्तर माहीत असतं तो फोन ठेवत नाही, एवढं मला कळतं. ठीक आहे, म्हटलं, बघू. प्रिंटर बंद केला. एक, दोन, तीन... सातवर आलो आणि माझा मोबाइल वाजला. वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, दोन गल्ल्या पलीकडे राहतात, आणि दुपारच्या आत त्यांचा फोन कधी येत नाही. "भाऊजी, कामात आहात का?" म्हणाल्या. मी म्हटलं, जरा मोजतोय. "तुम्ही निघता का? हे खुर्चीतून उठत नाहीयेत." एवढंच. आवाज चढलेला नाही, रडणं नाही, जशा रोज बोलतात तशाच. आणि माझा दुसरा हात, मला अजून कळत नाही तो कोणाच्या सांगण्यावरून गेला, त्या हाताने प्रिंटर चालू केला. मी फोन कानाला लावून उभा, आणि शेजारी तो प्रिंटर एकामागून एक अकराच्या अकरा प्रती काढतोय, सुबक, काळ्याभोर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आजोबा काचेबाहेरून म्हणाले, "बघा! झालं की नाही?"

झालं.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, कोणी 'बंद करून चालू करा' म्हटलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. कारण मला आता दिसायला लागलंय की सगळे तेच करतात! आमच्याकडे धुलाईच्या मशीनचा कारागीर आला. हातात पेटी, पेटीत चाळीस हत्यारं, पाने, पकडी, एक तर आरसा होता लांब दांड्याचा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा. पेटी उघडली, सगळं लादीवर मांडलं, मला वाटलं आता इथे मोठं काहीतरी होणार. त्याने मशीनचा प्लग काढला. छताकडे बघितलं. प्लग लावला. "झालं." मी म्हटलं, काय झालं होतं? "काही नाही, अडकलं होतं." काय अडकलं होतं? "मशीन." कशात? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडकलोय, आणि हत्यारं परत पेटीत भरायला लागला. एकालाही पाणी लागलं नव्हतं! मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि हळूच विचारलं, खरं सांगा, मधल्या त्या दहा सेकंदांत होतं काय? तो म्हणाला, "विश्रांती मिळते हो मशीनला." विश्रांती! दहा सेकंदांची! मी एकोणतीस वर्षं नोकरी करतोय, मला नाही कोणी दहा सेकंद भिंतीवरून काढून ठेवलं.

पण हा संशय काही त्या मंगळवारी सुरू झालेला नाही. तो जुना आहे. अकरा वर्षांचा आहे. आणि तो प्रिंटरवर नव्हता, तो होता दादावर.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गेलेल्या माणसाबद्दल हा काय बोलतो. आमची ही पण तेच म्हणते. "अहो, सोडा ना आता. गेलेल्या माणसावर कसला संशय घेताय?" मी म्हटलं, अगं, जिवंत होता तेव्हाच घेतला होता, आता मध्येच कसा सोडू?

तर दर गुरुवारी संध्याकाळी मी दादाकडे जायचो, बुद्धिबळ खेळायला. घरात लाकडी पट आहे, चांगला, वडिलांच्या हातचा. पण दादा त्यावर माझ्याशी खेळायचा नाही. का? तर मी एकदा त्याचा उंट खिशात घातला होता. घातला होता, ते मी नाकारत नाही. पण मी सात वर्षांचा होतो! "सात असो की सत्तर," दादा म्हणायचा, "हात तोच आहे. यंत्रावर खेळू. यंत्रापुढे लबाडी चालत नाही." म्हणून आम्ही त्याच्या संगणकावर खेळायचो. कसला संगणक! जुना, भाजीच्या टोपलीएवढा पडदा, आणि टेबलाखाली जमिनीवर त्याचा तो पत्र्याचा खोका, घरघर करत बसलेला. एकच माउस. मी चाल करायची, माउस त्याच्याकडे सरकवायचा, त्याने चाल करायची, माझ्याकडे सरकवायचा. मध्ये वहिनींचा चहा. छान चाललेलं असायचं... जोपर्यंत मी हरतोय तोपर्यंत!

मी हरत असलो की ते मशीन सुतासारखं सरळ. कधी कुरकुर नाही. पण जरा माझा घोडा पुढे आला, जरा त्याचा वजीर कोंडला, जरा माझ्या तोंडातून "आता कसं, दादा?" एवढं निघालं, की पडद्यावरचा बाण गप्प. हलेना. दादा माउस उचलायचा, त्याचं पोट बघायचा, टेबलावर आपटायचा, आणि मग जो उसासा सोडायचा तो! सख्खा माणूस गेल्यासारखा. "अरेरेरे... अडकलं रे! आणि तू काय सुंदर खेळत होतास आज! आता काय, बंद करून चालू करावं लागणार." आणि बंद! आणि चालू! आणि डाव? डाव गेला. पाटी कोरी. "चल, नवा मांडू. पांढरी तू घे," असं म्हणायचा, म्हणजे वर उपकार!

मी म्हटलं, दादा, ह्या खेळात डाव जपून ठेवायची सोय असते म्हणे. "असते," दादा म्हणाला, "माझ्याकडची बिघडलीय." मी म्हटलं, मग नीट करून घे. तो म्हणाला, "केली होती. बंद करून चालू केलं, पुन्हा बिघडली." आता ह्यावर माणसाने काय बोलावं?

अकरा वर्षं, मंडळी. अकरा वर्षांत मी दादाला एकदाही हरवलं नाही. जिंकता जिंकता राहिलो ते किती वेळा, विचारू नका. मी पाळत ठेवली. तो चाल करताना त्याचे हात बघत बसायचो. दोन्ही हात टेबलावर, बोटं पसरलेली, साळसूद! एकदा तर खिशात विजेरी घेऊन गेलो, आणि दादा हात धुवायला उठला तसा शिरलो टेबलाखाली. मला खात्री होती की खाली कुठेतरी चोरबटण आहे. विजेचा बोर्ड तपासला, बटणं तपासली, वायर चाचपली, काही नाही. आणि वहिनी चहा घेऊन दारात. मी चार पायांवर. "भाऊजी, काही सांडलं का?" मी म्हटलं, पेन पडलं. त्या म्हणाल्या, "मग विजेरी बरी आणलीत बरोबर." आणि गेल्या. त्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही, फक्त चहा देतात.

आता शेवटचा गुरुवार ऐका. त्या दिवशी मी काय खेळलो हे मलाही कळलं नाही. माझे दोन्ही हत्ती मोकळे, घोडा नेमक्या जागी, आणि दादाचा राजा कोपऱ्यात, शह बसलेला, हलायला एकच घर. एकच! तिथे गेला की पुढच्या चालीला मात. आंधळ्याला सुद्धा दिसेल अशी मात. आणि त्या एकाच घरावर दादा चाळीस मिनिटं विचार करत बसला. मी डोळ्यांची पापणी न हलवता त्या बाणाकडे बघतोय, आता अडकणार, आता अडकणार... नाही अडकला. दादा म्हणाला, "आज डोकं चालत नाही. पुढच्या गुरुवारी." मी म्हटलं, म्हणजे तू हे बंद करणार! "नाही रे." करणार! "नाही म्हणतो ना." मी म्हटलं, लिहून दे. आणि खरंच लिहून घेतलं! चिठ्ठी केली, 'गुरुवारपर्यंत हे यंत्र कोणीही बंद करू नये', खाली त्याची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून वहिनींची सही, आणि चिकटपट्टीने लावली त्या खोक्याच्या बटणावर. एक बासष्टचा, एक चौपन्नचा, आणि चिठ्ठी लावतायत. वहिनी सही करताना म्हणाल्या, "तारीख घालू का?" घाला म्हटलं, तारीख महत्त्वाची.

मग मंगळवार आला. तो सांगितला.

पाहुणे पांगल्यावर, आठ-दहा दिवसांनी, मी त्या खोलीत गेलो. काही मनात नव्हतं, चष्म्याचं घर आणायला गेलो होतो. खोका घरघरत होता. कोणी बंद केलाच नव्हता, चिठ्ठी होती ना! पडदा काळा झालेला, मी टेबलाला जरा धक्का दिला, काही नाही, मग कळफलकावरचं एक बटण दाबलं, आणि उजळला. आणि बघतो तर... दादाने चाल केलेली. राजा त्या एकमेव घरात नेऊन ठेवलेला. म्हणजे मधल्या काळात कधीतरी बसून त्याने ती केली. आता चाल माझी. हत्ती उचलायचा, शेवटच्या ओळीत ठेवायचा, मात. अकरा वर्षांत पहिली. मी खुर्ची ओढली, खिशातून रुमाल काढून हात पुसला, खरंच पुसला, आणि माउस धरला.

बाण हलेना.

इकडे नाही, तिकडे नाही. उचलला, पोट बघितलं, आपटला. अडकलंय! आता मला सांगा, आता कोणी अडकवलं? खोलीत मी एकटा! मला आधी राग आला, मग घाम आला. कारण दोनच गोष्टी असू शकतात. एक, हे मशीन खरोखरच आपलं आपण अडकतं, पहिल्यापासून अडकत होतं, म्हणजे दादा स्वच्छ होता आणि मी अकरा वर्षं सख्ख्या भावाला मनातल्या मनात लबाड म्हणत आलो. मनातल्या मनात कसलं, दोनदा तोंडावर म्हटलंय. किंवा दोन, दादाने चाल केली, आणि मग मला मात करता येऊ नये म्हणून जाता जाता काहीतरी करून ठेवलं, गुरुवारी उसासा सोडायच्या तयारीत... आणि गुरुवारपर्यंत थांबला नाही.

ह्यातलं कुठलं मला हवंय? विचारा, विचारा. आमच्या हिने विचारलं. मी म्हटलं, अगं, लबाडी केली असेल तर त्या दिवशी तो ठणठणीत होता! ती भाजी निवडत राहिली.

मग सुरू झाली सगळ्यांची दुरुस्ती! पुतणी आली होती, मोठी नोकरी करते, म्हणाली, "काका, त्यात काय एवढं? पडद्याचा फोटो काढा, बंद करून चालू करा, डाव लाकडी पटावर मांडा, हत्ती हलवा, जिंका." मी म्हटलं, आणि समोर कोण बसणार? "मी बसते की." बसली बिचारी. राजासारखी ताठ बसली. तिला घोडा कसा चालतो ते माहीत नाही. मी पट मिटवला. ऑफिसातल्या बाईंना विचारलं, घरचं आहे म्हटलं, रागवू नका. "बंद करून चालू—" मी फोन ठेवला. ह्या वेळी मी ठेवला! आणि जो तो तेच, बंद करून चालू करा, बंद करून चालू करा, पण बंद केलं की तो राजा त्या घरातून जाणार, त्याचं काय? दादाने शेवटचं केलेलं काम आहे ते! आणि चालू केल्यावर परत येईल ह्याची हमी कोण देतो? मधल्या त्या दहा सेकंदांत होतं काय, हे तर कोणालाच ठाऊक नाही!

शेवटी वहिनींनीच एक माणूस बोलावला, संगणक दुरुस्त करणारा, वयस्क, चष्मा कपाळावर, फार न बोलणारा. त्याने माउस हलवून बघितला. हात सरळ बटणाकडे. मी ओरडलो. त्याने चिठ्ठी वाचली. "हे काय आहे?" करार आहे, म्हटलं. "ही सही कोणाची?" माझी. "आणि ही?" मी खुर्चीकडे बघितलं. त्याने हात मागे घेतला. तुम्हाला सांगतो, पन्नास दुरुस्तीवाले पाहिले, हात मागे घेणारा हा पहिला. मग मीच त्याला बाजूला घेऊन विचारलं, असं मुद्दाम अडकवता येतं का हो कोणाला?

"येतं की," म्हणाला. "जुनं मशीन आहे. माउसची तार मागे खोक्यात खोचलेली असते. जरा ओढून सैल केली की बाण बंद. आणि ह्या जुन्यांचं असं, तार पुन्हा खोचून भागत नाही. बंद करून चालूच करावं लागतं."

मी म्हटलं, पण हात टेबलावर असले तर?

"खोका तर जमिनीवर आहे. पायाच्या अंगठ्यानेही ओढता येईल."

अंगठ्याने! मी अकरा वर्षं हात बघत होतो हो! विजेरी घेऊन खाली शिरलो तेव्हाही बोर्ड तपासला, बटणं तपासली, खोक्याच्या मागे बघायचं सुचलं नाही! तो माणूस म्हणाला, "बघू का मागे? सैल आहे की घट्ट, लगेच कळेल." आणि वाकायलाच लागला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, राहू द्या. चहा घ्या.

तो गेल्यावर वहिनी कप उचलायला आल्या. पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या जरा वेळ. त्यांना बुद्धिबळ येत नाही, पण कोणता राजा कोणाचा एवढं कळतं. मग म्हणाल्या, "त्या मंगळवारी सकाळी आत एकटेच हसत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, गुरुवारी सांगतो." आणि कप घेऊन गेल्या.

आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? माणूस हसतो ते लबाडी करून हसतो, की आता आपण हरणार, धाकटा एकदाचा जिंकणार, म्हणून हसतो? दोन्ही हसू सारखीच ऐकू येतात दाराबाहेरून! मी वहिनींना स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, कसं हसत होते, मोठ्याने की हळू? त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी दूध उतू जातंय का बघत होते."

तर अशी सगळी परिस्थिती आहे. अजून मी दर गुरुवारी जातो. मशीन चालू आहे, घरघर वाढलीय, वहिनी म्हणतात असू दे, सवय झाली. मी खुर्चीत बसत नाही, शेजारच्या स्टुलावर बसतो, माझ्या जागी. राजा आहे त्या घरात आहे. खोका पायाशी. मागे वाकायचं, तार बोटाने दाबून बघायची, सैल की घट्ट, संपला विषय. तुम्ही म्हणाल, मग बघून टाका ना, एवढा अकरा वर्षांचा संशय, वाकायला काय झालं? गुडघे दुखतात हो माझे. वयाने होतं असं, खाली बसलं की उठवत नाही...

नाही, गुडघे ठीक आहेत. बघितलेलं नाही, एवढंच.